तोंड उघडलं की सेट बंद: माळावर परत परत येणारं एक दुखणं

"काका, परत झालं बघा. सीक्यू म्हटलं की डिस्प्लेवर चिनी अक्षरं येत्यात."

हा फोन दोन महिन्यांत तिसऱ्यांदा आला. सीक्यू म्हणजे रेडिओवर 'कुणी आहे का' अशी सगळ्यांना मारलेली हाक. पोरगा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, हॅम रेडिओचा, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांचा परवाना ताजा आहे, सोल्डरिंगला हात चांगला आहे. हैदराबादच्या अशहर फरहान यांच्या बिटएक्स या आराखड्यावरचा, बोलायचा-ऐकायचा रेडिओ सेट त्यानं स्वतः जुळवलाय. घरात, कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या गच्चीवर, तो सेट एखाद्या शहाण्या मुलासारखा वागतो. बाहेर कुठं माळावर, डोंगरावर नेला की अंगात येतं. परत घरी आणला की काही झालंच नाही असं तोंड करून बसतो. पोराचं म्हणणं, सेटला बाहेरची हवा मानवत नाही. मी हसलो नाही, कारण दोन वर्षं माझीही तीच समजूत होती आणि त्या समजुतीपायी मी एक माइक, दोन बॅटऱ्या आणि बरीच वायर खर्ची घातली आहे.

दुखणं नेमकं असं. पाच-दहा वॉटचा सेट, छोटी बॅटरी, झाडावर नाहीतर काठीवर चढवलेली वायर. ऐकायला सगळं छान येतं. ट्यूनचं बटण दाबलं तर एसडब्ल्यूआर, म्हणजे अँटेना सेटला किती जुळलीय तो आकडा (एक म्हणजे उत्तम), दीडच्या आत. माइक हातात घेऊन दणकून बोलायला लागलं, की सेट पटकन बंद होऊन परत चालू होतो. कुणाचा डिस्प्ले बिघडतो, कुणाचा एसडब्ल्यूआरचा काटा उड्या मारतो, कुणाला समोरून ऐकू येतं, "भावा, आवाज फाटतोय तुझा." मग माणूस काहीतरी बदलतो. वायर फूटभर तोडतो, बॅटरी बदलतो, सेटपासून अँटेनापर्यंतची केबल, म्हणजे कोक्स, इकडची तिकडं करतो. तेवढ्यापुरतं बरं वाटतं. पुढच्या रविवारी दुसऱ्या जागी परत तेच.

परत येतं, कारण या एका दुखण्याला दोन वेगळ्या मुळ्या आहेत आणि वरून दोन्ही सारख्याच दिसतात. एक वीज कमी पडण्याची. दुसरी, अँटेनाकडे पाठवलेली आरएफ, म्हणजे रेडिओ लहरींची वीज, कोक्सच्या पाठीवरून माघारी सेटपर्यंत येण्याची. एक मुळी उपटली की माणूस खूश होऊन घरी जातो आणि दुसरी तशीच जमिनीत राहते. माझ्याकडे तर दोन्ही एकदम होत्या.

माझी गोष्ट मसाई पठारावरची. पन्हाळ्याच्या पलीकडचं हे पठार आता संवर्धन राखीव आहे. पावसाळ्यात पन्हाळा ते पावनखिंड चालणारी मंडळी इथूनच जातात, आणि ऑगस्ट-सप्टेंबरात फुलांसाठी गर्दी होते. मी गेलो होतो फेब्रुवारीत, गर्दी नको म्हणून. वर जांभा दगड, त्यावर बोटभर माती, गवत वाळून पिवळं पडलेलं. झाडं नावाला. म्हणून सहा मीटरची फायबरची काठी, तिला चाळीस मीटर तरंगलांबीच्या पट्ट्यासाठी एंड-फेड, म्हणजे एका टोकातून वीज घेणारी, वायर. कोल्हापुरात महावीर गार्डनमध्ये हीच वायर मी पंधरा वेळा लावली असेल, कधी तक्रार नाही. इथं तिसऱ्या सीक्यूला सेट बंद. चालू केला, परत बंद. पॉवर पाच वॉटवर आणली तर चालतोय. दहावर नेली की बंद. शेवटी पाच वॉटवरच बसलो. सात जणांशी गाठ पडली आणि बॅटरीनं मान टाकली. पार्क्स ऑन द एअर, म्हणजे उद्यानात नाहीतर राखीव जागी बसून रेडिओवर बोलायचा उपक्रम, त्याच्या नियमानं दहा क्यूएसओ (दहा गाठीभेटी) झाल्याशिवाय त्या जागेचं अॅक्टिवेशन धरत नाहीत. तीन कमी पडले. खाली पन्हाळ्यावर येऊन झुणका-भाकरी खाताना सुद्धा ते तीन घशात अडकत होते.

(पाच आणि दहा वॉटमध्ये समोरच्याला फरक किती पडतो? तीन डेसिबल, म्हणजे एस-मीटरच्या, म्हणजे सिग्नलचा जोर दाखवणाऱ्या मीटरच्या, अर्ध्या घराइतका. त्या अर्ध्या घरासाठी मी एवढा जीव काढत होतो. पण मुद्दा वॉटचा नव्हता, सेट का बंद पडतो याचा होता, आणि ते कळल्याशिवाय मला झोप लागत नाही.)

घरी आलो, सेट लावला, दहा वॉट, ठणठणीत. इथंच बहुतेक जण फसतात. घरचा सेट भिंतीतल्या विजेवर, जाड लीडवर (वीज आणणाऱ्या तारेवर), पावर सप्लायमधून अर्थिंगला जोडलेला असतो. माळावर यातलं काहीच नसतं. म्हणजे घरी तपासलेला सेट आणि माळावरचा सेट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घरी तपासायचं असेल तर माळावरची बॅटरी, माळावरची लीड आणि माळावरचीच कोक्स लावून तपासायचं. सोफ्यावर बसून, प्लग काढून.

आता पहिली आणि सगळ्यात महत्त्वाची परीक्षा. अँटेना काढून टाका आणि तिथं डमी लोड लावा. डमी लोड म्हणजे पन्नास ओहमचा रेझिस्टर, जो सगळी पॉवर पोटात घेऊन नुसता गरम होतो, हवेत काही सोडत नाही. विकत घ्यायची गरज नाही. एक किलोओहमचे, अर्ध्या वॉटचे २० कार्बन फिल्म रेझिस्टर पॅरलल जोडले की बरोबर ५० ओहम होतात आणि १० वॉट सोसतात. वायर गुंडाळलेले मोठे पांढरे सिरॅमिक रेझिस्टर घेऊ नका, ते कॉइलसारखे वागतात. मी दोन गोल पत्र्याच्या चकत्यांमध्ये वीस रेझिस्टर उभे करून सोल्डर केलेत. बायको त्याला चकलीचा साचा म्हणते. तो साचा आता माझ्या पिशवीत कायम असतो, कारण ही परीक्षा माळावर बसून करण्यातच खरी मजा आहे.

डमी लोडवर सेट तसाच बंद पडला, तर अँटेनाचा काही संबंध नाही. दोष विजेच्या बाजूला. डमी लोडवर सेट सरळ चालला आणि अँटेना लावल्यावरच बिघडला, तर आरएफ माघारी येतीय. एवढ्या एका परीक्षेनं अर्धं काम होतं. मी ती दोन वर्षं केली नाही, कारण अँटेनाकडे हात आधी जातो. ती दिसते ना समोर, लांबलचक.

माझा सेट डमी लोडवरही बंद पडला.

सेटच्या पाठीवर लिहिलेलं असतं १३.८ व्होल्ट, अधिक-उणे १५ टक्के. म्हणजे खालची हद्द ११.७. त्याखाली गेला की तो स्वतःला बंद करून घेतो, आणि तसंच त्यानं करावं. माझ्याकडे होती जुन्या यूपीएसमधली ७ अँपिअर-अवरची सीलबंद लेड-अॅसिड बॅटरी. नुसती बसली असताना १२.६ दाखवायची. दहा वॉटवर सेट तीन अँपिअरच्या आसपास ओढतो, तेव्हा म्हातारी बॅटरी ११.९ वर यायची. वरून लीड. दोन मीटरची, अर्धा चौरस मिलिमीटरची, कुठल्यातरी जुन्या चार्जरची. जायला दोन मीटर, यायला दोन मीटर, अशा चार मीटर तांब्याचा अडथळा ०.१४ ओहम. तीन अँपिअरला ०.४ व्होल्ट तिथंच गेले. मगरीच्या तोंडाच्या क्लिपा आणि काचेच्या फ्यूजच्या ढिल्या होल्डरनं आणखी दोन-तीन दशांश खाल्ले. सेटच्या तोंडाशी पोचले ११.२. पाच वॉटवर प्रवाह कमी, म्हणून गळतीही कमी, म्हणून सेट चालायचा. मी समजत होतो पॉवर कमी केली की अँटेना खूश होते.

हे मोजताना एक चूक सगळे करतात. मल्टिमीटर बॅटरीच्या टोकांना लावतात. मीटर लावायचा सेटच्या प्लगमध्ये, जिथं वीज आत शिरते. दुसरं म्हणजे बोलताना मोजू नका. आपला आवाज वरखाली होतो आणि साध्या मीटरला तेवढा वेग नसतो, तो सरासरी दाखवून आपल्याला गंडवतो. डमी लोड लावून माइकमध्ये लांब शीळ घाला. पाच सेकंद एकसारखी शीळ म्हणजे पूर्ण पॉवर. त्या पाच सेकंदांत मीटर काय म्हणतो ते खरं. ट्यूनच्या बटणाला बहुतेक सेट मुद्दाम कमी पॉवर देतात, म्हणून ट्यून करताना सगळं हिरवं दिसतं आणि बोलताना लाल.

इलाज साधा होता. घरगुती वायरिंगची दीड चौरस मिलिमीटरची मऊ वायर, एक मीटर. तिचा अडथळा जाऊन-येऊन ०.०२३ ओहम, म्हणजे तीन अँपिअरला सात शतांश व्होल्ट. क्लिपा काढून नीट क्रिंप केलेले कनेक्टर. दोन्ही तारांत बॅटरीजवळ ५ अँपिअरचा फ्यूज. आणि चार सेलची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी, जी नुसती असताना १३.२ आणि ओझ्याखाली १२.९ च्या आसपास राहते. तिचं वजनही लेड-अॅसिडच्या निम्म्याहून कमी, आणि पन्नाशीनंतर डोंगर चढताना ही गोष्ट व्होल्टेजपेक्षा मोठी वाटते. स्वस्त बॅटरी घेताना आतलं संरक्षण सर्किट किती अँपिअरला तोडतं तेवढं विचारून घ्या. काही छोट्या बॅटऱ्या आवाजाच्या एका धक्क्याला घाबरून पुरवठा तोडतात, आणि मग लक्षण पुन्हा तेच.

एवढं केलं आणि वाटलं, जिंकलं. डमी लोडवर दहा वॉट, शीळ घातली, १२.८ वर स्थिर. महावीर गार्डनमध्ये बसलो, चार तास बिनघोर. मार्चमध्ये परत मसाईवर गेलो. तिसऱ्या सीक्यूला सेट बंद.

खरं सांगतो, त्या दिवशी सेट दरीत टाकायचा विचार मनात येऊन गेला. पण पिशवीत चकलीचा साचा होता. लावला. शीळ घातली. ठणठणीत. अँटेना लावली. बंद. म्हणजे आता दुसरी मुळी.

एंड-फेड वायरबद्दल थोडं सांगावं लागेल. अर्ध्या तरंगलांबीची वायर, चाळीस मीटरसाठी साधारण वीस मीटर. एका टोकातून वीज दिली की तिचा अडथळा दोन-अडीच हजार ओहम असतो, म्हणून मध्ये ४९ ला १ असा ट्रान्सफॉर्मर. फेराइट या चुंबकी पदार्थाच्या कड्यावर प्रायमरीला २ आणि सेकंडरीला १४ वेढे, प्रायमरीवर १०० पिकोफॅरडचा कपॅसिटर. माळावरच्या माणसासाठी ही वायर वरदान आहे. एक टोक वर, एक टोक खाली, मधून काही लोंबत नाही, आणि तीच वायर वीस, पंधरा आणि दहा मीटरवरही चालते. विकणारे सांगतात हिला काउंटरपॉइज, म्हणजे प्रवाहाला परतीची दुसरी वायर, लागत नाही. लागतं. वायरीत जेवढा प्रवाह जातो, तेवढाच दुसऱ्या बाजूनं कुठून तरी यावाच लागतो. तुम्ही त्याला वाट करून दिली नाही, तर तो कोक्सच्या जाळीच्या बाहेरच्या अंगावरून वाट काढतो. कोक्सच्या शेवटी सेट. सेटला माइकची वायर. माइक धरलेला हात. म्हणजे अँटेनाचं दुसरं टोक मी होतो.

महावीर गार्डनमध्ये कोक्स ओल्या गवतावर पसरलेली असायची. त्या ओलीतून बराचसा प्रवाह जमिनीत मुरायचा आणि सेटपर्यंत पोचेपर्यंत दम संपायचा. मसाईवर वाळलेला जांभा. त्यात ओल नाही, वीज मुरायला जागा नाही. शिवाय कोक्स दगडावर घासू नये म्हणून मी ती काठीला गुंडाळून थेट खुर्चीपर्यंत हवेतून आणलेली. सेट मांडीवर. सगळा प्रवाह सरळ माइकमध्ये. सेटच्या मागच्या उघड्या स्क्रूला करंगळी लागली तेव्हा बोलताना बारीक चुरचुर झाली, मुंगी चावल्यासारखी. तेवढी एक चुरचुर आधी लक्षात आली असती तर दोन वर्षं वाचली असती.

यावरची परीक्षा अगदी फुकट आहे. कुणाला तरी कमी पॉवरवर सलग शीळ घालायला सांगा, तुम्ही सेटजवळची कोक्स मुठीत धरा आणि एसडब्ल्यूआर बघा. मूठ आवळली की आकडा हलला, तर कोक्सच्या पाठीवर प्रवाह आहे. निरोगी कोक्सला तुम्ही धरलंय की नाही हे कळतही नाही. माझा आकडा दीडवरून अडीचवर गेला आणि मूठ सोडली की खाली आला. वायर फूटभर तोडली की बरं का वाटायचं तेही मग कळलं. वायरची लांबी बदलली की कोक्सवरच्या प्रवाहाची जागाही जरा सरकते, आणि त्या दिवसापुरता त्याचा फुगवटा माइकपासून लांब जातो. रोग तसाच, फक्त कूस बदललेला.

इलाज असा. ट्रान्सफॉर्मरपासून पहिले दोन मीटर कोक्स मोकळी सोडायची. चाळीस मीटरचा विसावा हिस्सा म्हणजे दोन मीटर, तेवढं काउंटरपॉइज या वायरीला पुरतं. हे दोन मीटर दगडाला न टेकवता हवेत लोंबू द्यायचे. त्या दोन मीटरच्या शेवटी चोक. चोक म्हणजे फेराइटच्या कड्यातून पातळ कोक्सचे दहा-बारा वेढे. आतली वीज बिनबोभाट पुढं जाते, पाठीवरून चालणाऱ्या प्रवाहाला तिथं नाका लागतो. दुसरा तसाच चोक सेटच्या तोंडाशी. खर्च दोन कडी आणि एक संध्याकाळ. चोक लावल्यावर एसडब्ल्यूआर आधीपेक्षा थोडा वाईट दिसू शकतो. घाबरू नका, आधीचा आकडा खोटा होता, कोक्सनं चापलुसी करून सुधारलेला. आता वायर कापून जुळवा, आता केलेलं जुळवणं सगळ्या जागी टिकतं. वायर जरा लांबच ठेवून सुरुवात करा आणि चार-चार बोटं कमी करत या, तोडलेली वायर परत जोडताना फार लाज वाटते.

एप्रिलच्या पहिल्या रविवारी मसाईवर परत गेलो. दहा वॉट, अकरा क्यूएसओ, सेट एकदाही बंद नाही. सहा मीटर उंचीची वायर दुपारी चाळीस मीटरवर जवळपास सरळ आभाळाकडे फेकते आणि सिग्नल छत्रीसारखा खाली येतो, त्यामुळं पुणे, बेंगळुरू, हैदराबाद सहज हाताला लागतात. बाराव्याची वाट बघत असताना आंबोलीच्या अंगाला ढग दाटले. वळवाचं काही खरं नसतं. कानात कडकड यायला लागली की क्यूएसओ अर्ध्यात सोडून वायर खाली घ्यायची, यात शहाणपण गाजवू नये. उघड्या पठारावर फायबरची काठी धरून उभा असलेला माणूस विजेला सोयीचा पडतो.

आता पोराकडं येतो. त्याला फोनवरच डमी लोडची परीक्षा करायला लावली. शीळ घातली, डिस्प्ले सरळ. व्होल्ट १२.७. म्हणजे वीज बरी, आरएफ माघारी येतीय. त्याच्या सेटच्या आत अरदुइनो नॅनो हा छोटा कंट्रोलर आहे, आणि डिस्प्लेला जाणाऱ्या बारीक तारा आरएफ आयती पकडतात. चिनी अक्षरं येतात ती यामुळं. त्याला दोन मीटर आणि चोकची कृती सांगितली. आठवड्यानं फोन.

"काका, चोक लावला. तरी येत्यात."

"कडं कुठलं वापरलंस?"

"भंगारात कॉम्प्युटरचा पावर सप्लाय मिळाला, त्यातलं. पिवळं हाय."

तिथंच घोडं पेंड खात होतं. कॉम्प्युटरच्या सप्लायमधलं ते पिवळं-पांढरं कडं लोहचूर्णाचं असतं, फेराइटचं नव्हे. त्याचं काम वेगळं, कमी वारंवारतेचं. सात मेगाहर्ट्झवर, म्हणजे चाळीस मीटरच्या पट्ट्यावर, चोक म्हणून ते जवळजवळ रिकामं कडं आहे. चोकसाठी ४३ किंवा ३१ नंबरच्या मिश्रणाचं करडं फेराइट पाहिजे. रंग बघून घेऊ नका, विकणाऱ्याला मिश्रणाचा नंबर विचारा. नंबर सांगता येत नसेल तर ते कडं बाळाच्या हातात खेळायला द्या.

त्यानं ४३ चं कडं मागवलं. दुखणं गेलं. तीन आठवड्यांनी परत आलं, पण आता नव्या रूपात. ऐकायलाही मध्येच एकदम गप्प व्हायचं आणि कोक्सला धक्का लागला की परत चालू. हे मला त्याची कोक्स हातात घेतल्यावर पाच मिनिटांत सापडलं. तो काम आटोपल्यावर कोक्स कोपर आणि अंगठा यांच्यामध्ये गुंडाळायचा, सुतारलोक दोरी गुंडाळतात तशी. दर वेढ्याला एक पीळ. टोकाच्या बीएनसी प्लगच्या मानेजवळ आवरण अखंड, पण आतली जाळी कातून दोन-चार केसांवर उभी. मल्टिमीटरनं सरळ धरून मोजली तर शून्य ओहम, वाकवली की तुटक. कोक्स मोजायची तर हलवत, वाकवत मोजायची. आणि गुंडाळायची तर मोठ्या गोल वेढ्यात, एक वेढा आतून एक वेढा बाहेरून, म्हणजे पीळ साचत नाही. प्लगच्या मानेला श्रिंक ट्यूबची दोन थरांची बाही घातली की वर्षानुवर्षं टिकते.

बाहेर बसताना सेटचा दोष वाटणारी आणखी एक गोष्ट आहे, तिच्यापायी मी राधानगरीच्या बाजूला एक अख्खी सकाळ घालवली. कानात सेकंदाला एक, ठक्‌, ठक्‌, ठक्‌. घड्याळासारखं. बॅटरी बदलली, चोक काढला, घातला, शेवटी अँटेना उपटली तेव्हा आवाज गेला. बांधावरचा शेतकरी बराच वेळ बघत होता. म्हणाला, "पाव्हणं, ते झटका मशीन हाय माझं. गव्यासाठी." उसाच्या कडेनं गेलेली कुंपणाची तार सेकंदाला एकदा झटका सोडते, आणि ती मैलभर लांब तार म्हणजे माझ्या वायरीपेक्षा मोठी अँटेना. इलाज एकच, आपण उठून लांब जायचं. सेटमध्ये असे ठोके दाबणारा नॉइज ब्लँकर असेल तर त्या ठकठकीवर तो बऱ्यापैकी चालतो. शहरातल्या बागेत हाच त्रास एलईडी दिव्यांचा, संध्याकाळी दिवे लागले की एस-मीटर एकदम वर चढतो. तिथं सकाळी बसा.

सकाळी बसताना साडेपाचचं भान ठेवा. पार्क्स ऑन द एअरचा दिवस यूटीसीचा, म्हणजे जागतिक वेळेचा, तो आपल्याकडं पहाटे साडेपाचला उलटतो. मी एकदा उत्साहात पाच वाजता सुरू केलं, साडेपाचच्या आत चार, नंतर सहा. दहा झाले म्हणून फोटो काढला. दोन दिवसांत विभागून एकही अॅक्टिवेशन नाही. एफटी८, म्हणजे लॅपटॉपमधून संदेश पाठवायची पद्धत, करणाऱ्यांना दाजीपूरकडं आणखी एक खड्डा आहे. रेंज नाही, लॅपटॉपचं घड्याळ दोन-तीन सेकंद मागंपुढं, आणि या पद्धतीत पंधरा सेकंदांची पाळी असते. सिग्नल दिसतात, एकही उत्तर लागत नाही. जीपीएसवर घड्याळ लावा, सेटला दोष देऊ नका.

राधानगरी अभयारण्य १९५८ पासूनचं, मूळचं गव्यांसाठीच राखलेलं. आत जायचं तर वनखात्याची परवानगी, आणि आत वायर टांगणं हा विषयच नको. एकदा गेटच्या बाहेर बसलो होतो तेव्हा वनरक्षक आला. परवान्याची प्रत दाखवली, हेडफोन दिला, त्यानं बेंगळुरूच्या माणसाचा आवाज ऐकला, खूश झाला. मग वर बघून म्हणाला, "साहेब, पण ही तार रात्री इथंच राहिली आणि गव्याच्या शिंगात अडकली तर?" मी राहणार नव्हतो रात्री. पण तेव्हापासून वायरच्या खालच्या टोकाला लाल कापडाच्या चिंध्या बांधतो आणि जाताना वायर मोजून परत घेतो, वीस मीटर म्हणजे वीस मीटर. मसाईवर खुंटी ठोकत नाही. जांभ्यात ती जातही नाही, आणि त्या बोटभर मातीत पावसाळ्यात जे उगवतं ते दुसरीकडं उगवत नाही. ताणाच्या दोऱ्या तिथल्याच सुट्या दगडांना बांधतो आणि दगड जागच्या जागी ठेवून येतो. परवान्यावर स्टेशनचा पत्ता असतो, तो सोडून बाहेर बसण्याबद्दलच्या अटी निघण्याआधी वाचून घ्या.

काठीबद्दल राहिलंच. रंकाळ्यावर मासे धरणाऱ्यांकडची लांब काठी बघून एकानं तशीच घेतली. ती निघाली कार्बनची. कार्बन वीज वाहतो, शेजारी अँटेना जुळत नाही. ग्लास फायबर घ्या.

परवा रविवारी पोरगा आळत्याच्या रामलिंगला गेला होता. दुपारी एक वाजता फोन. मी जेवत होतो, पोटात गोळा आला.

"काका, मूठ आवळून बघितलं. काटा हलत न्हाई."

"आणि अक्षरं?"

"मराठीत... म्हंजे इंग्लिशमधीच हाईत. नऊ झाल्यात. तुम्ही जरा सेट लावता काय? दहावा पाहिजे."

ताटावरून उठलो. गच्चीवर गेलो, सात मेगाहर्ट्झवर त्याला शोधला. बारीक होता, पण आवाज स्वच्छ होता. सिग्नलचा शेरा म्हणून पूर्ण पाच-नऊ दिला नाही, पाच-सात दिला. होता तेवढाच.